बोरामणीचा दगडी चक्रव्यूह

सोलापूर-हैदराबाद महामार्गालगतचे बोरामणीचे माळरान माळढोक व लांडग्यांसाठी ओळखले जाते. डिसेंबर २०२५ मध्ये ते एका दगडी रचनेमुळे चर्चेत आले. सुमारे ५० फूट व्यासाच्या या वर्तुळात एकात एक असे १५ फेरे आहेत. देशात नोंद झालेल्या वर्तुळाकार चक्रव्यूहांत यापूर्वी ११ फेऱ्यांपलीकडचा नमुना नव्हता.

ही रचना सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची, सातवाहनकालीन असावी, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. क्रीट बेटावरील नोसॉसच्या प्राचीन नाण्यांवर अशीच आकृती आढळते. लातूरच्या शेजारील धाराशिव जिल्ह्यातील तेर, म्हणजे प्राचीन तगर, या व्यापारपेठेचा रोमन जगाशी संबंध होता. त्यामुळे व्यापारी मार्गावरील ही खूण असावी, असाही तर्क मांडला जातो.

चक्रव्यूह म्हटले की अभिमन्यू आठवतो. हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरातील शिल्पातही त्याचा चक्रव्यूह याच आकृतीने दाखविला आहे. प्रत्यक्षात मात्र येथे अडकण्याची भीती नसते. भुलभुलैयात वाटा फुटतात. येथे वाट एकच, ती मध्यापर्यंत नेते व त्याच वाटेने परत आणते. कोठे वळावे हा विचार उरत नसल्याने लक्ष पावलांवर व श्वासावर स्थिरावते. फ्रान्समधील शार्त्र येथील कॅथेड्रलच्या फरशीवरील तेराव्या शतकातील चक्रव्यूह जेमतेम १३ मीटर रुंद आहे. त्यातील वाट मात्र सुमारे २६० मीटर भरते. आज अनेक देशांत उद्याने व रुग्णालयांच्या आवारात चिंतनासाठी असे मार्ग आखले जातात.

बोरामणीला जाऊन चालावे, असा मोह होईल. तो आवरलेला बरा. माळावर मांडलेला एक दगड सरकला तरी दोन हजार वर्षांची वाट तुटते, आणि ते गवत माळढोकाचे घर आहे.

नांदेड-लातूरच्या एखाद्या मोकळ्या मैदानावर फक्कीने सात फेऱ्यांचा चक्रव्यूह सहज आखता येतो. मध्ये अधिकचे चिन्ह, त्याच्या चारही कोनांत एकेक काटकोन व त्यापलीकडे एकेक ठिपका काढावा. नंतर वरच्या टोकापासून आरंभ करून डावी-उजवीकडील टोके क्रमाने कमानींनी जोडावीत. बाहेरून मोजल्यास वाट तिसऱ्या फेऱ्यात शिरते, मग दुसरा, पहिला, चौथा, सातवा, सहावा, पाचवा असे फेरे घेते. सातव्या फेऱ्यात मध्य हाताच्या अंतरावर येतो, पुन्हा दूर जातो आणि पाचव्यानंतर अचानक पायाखाली येतो.