शेतसारा आणि गावची शाळा

दापोडे गावाच्या शिवेवर उभे राहिले असता आज भाताची खाचरे थोडी आणि गोदामांची छपरे पुष्कळ दिसतात. माणकोली, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या शेजारच्या गावांचीही हीच कथा होय. ज्या जमिनीत आपल्या आजोबा-पणजोबांनी चिखल तुडवून भाताची लावणी केली, त्या जमिनीवर आज देशभरचा माल येऊन उतरतो. या पालटाने काही घरांत सुबत्ता आली, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु सुबत्तेबरोबर एक विस्मरणही आले आहे. सकाळी आपली मुले बसमध्ये बसून दूरच्या खाजगी शाळेत जातात, आणि ज्या शाळेत आपण धुळाक्षरे गिरविली तिच्या समोरून जाताना “ती आता आपली शाळा नव्हे” असे आपणांस वाटू लागले आहे. ही शाळा आपल्यापर्यंत कशी आली, तिच्यासाठी कोणी काय किंमत मोजली आणि तिच्यावर आपला हक्क कोणत्या नात्याने पोहोचतो, याचा इतिहास आपल्या ज्ञातिबांधवांसमोर व भगिनींसमोर ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. सरकारी प्राथमिक शाळा हा कोणी केलेला धर्मादाय नव्हे. मुंबई इलाख्यात १८६३ सालापासून शेतसाऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा जादा घेण्यास आरंभ झाला, व १८६९ च्या कायद्याने त्या वसुलीस कायमचे रूप आले. हाच ‘लोकल फंड’. या फंडातील एक तृतीयांश रक्कम शिक्षणासाठी राखून ठेवलेली होती. म्हणजे खेड्यातील शेतकरी आपल्या मुलाच्या शाळेचे पैसे साऱ्याबरोबर आगाऊच भरीत होता. प्रश्न एवढाच होता की, पैसे भरणाऱ्याच्या गावात शाळा होती काय?

१८८२ साली ठाणे जिल्ह्याचे गॅझेटिअर प्रसिद्ध झाले. त्यात आगरी समाजाची ओळख शेती करणारे व मीठ पिकविणारे लोक अशीच आलेली आहे. त्याच वर्षी मिठावरील कर मणामागे दोन रुपये ठरला. खाडीचे पाणी आगरात घेऊन, उन्हात पाय भाजून घेत जो मीठ ओढीत होता, त्याच्या घामाचा मोठा वाटा कर होऊन तिजोरीत जात होता. शेतावर सारा, साऱ्यावर फंड आणि मिठावर कर, अशा तीन वाटांनी आपल्या पूर्वजांनी सरकारला दिले. तिजोरीतून परत येणारी वाट मात्र फार अरुंद होती.

हा हिशेब सरकारपुढे नेमक्या शब्दांत मांडण्याचे श्रेय महात्मा जोतीराव फुले यांचे आहे. लॉर्ड रिपन यांच्या कारकीर्दीत, १८८२ च्या फेब्रुवारीत, सर विल्यम हंटर यांच्या अध्यक्षतेखाली शिक्षण आयोग नेमला गेला. त्या आयोगापुढे १९ ऑक्टोबर १८८२ रोजी जोतीरावांनी आपले निवेदन सादर केले. शिक्षणासाठी म्हणून जो कर घेतला जातो तो त्या कामी खर्च होत नाही. इलाख्यातील सुमारे नऊ दशांश खेड्यांत, म्हणजे जवळजवळ दहा लक्ष मुलांसाठी, प्राथमिक शिक्षणाची कोणतीच सोय नाही. सरकारचे उत्पन्न बहुतांशी रयतेच्या श्रमातून येते, पण उच्च शिक्षणावरील खर्चाचा लाभ मूठभर वरिष्ठ वर्गास मिळतो, असे त्यांनी सांगितले. निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे असावे, ही मागणीही त्यांनी त्याच निवेदनात केली.

या निवेदनातील आणखी एक विचार आपल्यासारख्या शेतकरी समाजाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. शिक्षक होता होईल तो शेतकरी वर्गातील असावा, नांगराची मूठ धरण्याची अथवा सुताराचा वाकस हाती घेण्याची वेळ आली तर त्याला लाज वाटू नये, तो प्रशिक्षित असावा आणि त्यास पुरेसा पगार मिळावा, असे त्यांचे म्हणणे होते. मोडी व बाळबोध लेखन-वाचन, हिशेब, इतिहास-भूगोल यांच्या जोडीस शेतीचे व आरोग्याचे प्राथमिक ज्ञान असावे, असा अभ्यासक्रमही त्यांनी सुचविला. त्यांनी केवळ शाळा मागितली नाही. कष्टकऱ्याच्या मुलास परके वाटणार नाही अशी शाळा मागितली. आयोगाने १८८३ मध्ये अहवाल दिला, आणि प्राथमिक शिक्षणाचा भार स्थानिक संस्थांकडे सोपविण्याचे धोरण स्वीकारले गेले. सक्ती मात्र झाली नाही.

पुढे नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांनी १६ मार्च १९११ रोजी मध्यवर्ती कायदे मंडळात प्राथमिक शिक्षणाचे विधेयक मांडले. ते फार जपून केलेले होते. ज्या स्थानिक संस्थांची इच्छा असेल त्यांनी आपल्या हद्दीत सहा ते दहा वर्षांच्या मुलांना सक्ती करावी, आणि खर्चाचे दोन तृतीयांश सरकारने द्यावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. तरीसुद्धा मार्च १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. विरोध केवळ इंग्रज अधिकाऱ्यांनी केला असे मानणे चुकीचे होईल. आपल्यांतील काही धनिक व जमीनदारही विरोधकांत होते. ज्यांची मुले शिकत होती, त्यांना इतरांच्या मुलांच्या शाळेची निकड भासली नाही. हा दोष एखाद्या जातीचा नव्हे, सुस्थितीचा आहे. आज आपण सुस्थितीत आलो असता तो आपणांसही चिकटू शकतो, हे विसरता कामा नये.

सक्तीचे शिक्षण अशक्य होते, असे कोणी म्हणेल तर त्यास दोन संस्थानांकडे बोट दाखविता येते. बडोद्यास महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ मध्ये अमरेली भागात प्रयोग सुरू केला व १९०६ मध्ये तो सर्व राज्यास लागू केला. कोल्हापुरास राजर्षी शाहू छत्रपतींनी १९१७ मध्ये सक्तीच्या व मोफत प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मूल शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. आमच्या मुंबई इलाख्यापेक्षा लहान असलेल्या तिजोऱ्यांनी हे करून दाखविले. पैशापेक्षा निश्चयाची वाण होती, हाच याचा अर्थ.

मुंबई इलाख्यात विठ्ठलभाई पटेल यांच्या प्रयत्नाने १९१८ मध्ये नगरपालिकांना सक्ती करण्याचा अधिकार देणारा कायदा झाला. १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने खेड्यांसाठीही दार उघडले. परंतु योजना आखणे स्थानिक मंडळाकडे आणि पैसा देणे सरकारकडे, यामुळे ते दार अर्धवटच उघडे राहिले. १२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या विधिमंडळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर शिक्षणाच्या अनुदानावर बोलावयास उभे राहिले, तेव्हा त्यांनी सरकारी आकडेच सरकारपुढे ठेवले. याच गतीने काम चालले तर शाळेच्या वयाची सर्व मुले शाळेत येण्यास चाळीस वर्षे आणि मुली येण्यास तीनशे वर्षे लागतील; पहिलीत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी अवघी अठरा चौथीपर्यंत पोहोचतात; आणि सरकार शिक्षणावर दरडोई चौदा आणे खर्च करते, तर दारूच्या करापोटी दरडोई दोन रुपये दोन आणे नऊ पै वसूल करते. निदान जेवढे घेता तेवढे तरी शिक्षणावर खर्च करा, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. पुन्हा तोच हिशेब! जोतीरावांनी तो साऱ्यावरून केला, बाबासाहेबांनी तो अबकारीवरून केला.

हिशेब मागण्याची ही विद्या आपल्या समाजास परकी नाही. कुलाबा जिल्ह्यातील चरी येथे २७ ऑक्टोबर १९३३ रोजी कुळांनी खोतांच्या जमिनी कसावयाच्या नाहीत असा संप पुकारला आणि सुमारे सहा वर्षे, उपासमार सोसून, तो चालविला. त्याचे नेते नारायण नागू पाटील हे आपल्याच आगरी समाजाचे. डॉ. आंबेडकर स्वतः चरीस आले व त्यांनी या लढ्यास पाठबळ दिले. खोताच्या वहीत काय लिहिले आहे हे कुळास वाचता येत नसे. म्हणून पिकविणारा कुळ आणि आकडा खोताचा, अशी स्थिती होती. निरक्षरता आणि लूट यांचे नाते त्या पिढीने पुस्तकातून नव्हे, खळ्यावर जाणले होते. पुढे १९३७ मध्ये नारायण नागूंनी ‘कृषीवल’ हे पत्र काढले, त्यामागेही शेतकऱ्याने वाचावे व बोलावे ही तळमळ होती.

स्वातंत्र्यानंतर काम वेगाने पुढे गेले. १९४७ च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने पाया घातला. भारतीय संविधानाच्या ४५ व्या अनुच्छेदाने दहा वर्षांत, म्हणजे १९६० पर्यंत, चौदा वर्षांखालील सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण देण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९५९ मध्ये आर्थिक दृष्ट्या मागासलेल्या पालकांच्या मुलांना फीमाफी मिळू लागली, तेव्हा शेतकऱ्यांच्या कित्येक घरांतील पहिला मुलगा हायस्कुलात गेला. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि खेड्यांतील शाळा त्यांच्या हाती आल्या. परंतु संविधानाने दिलेली दहा वर्षांची मुदत टळली ती टळलीच. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने शिक्षण मूलभूत हक्क झाले, २००९ मध्ये कायदा संमत झाला, आणि १ एप्रिल २०१० रोजी तो अंमलात आला. जोतीरावांच्या निवेदनास तोवर एकशे सत्तावीस वर्षे होऊन गेली होती.

न्याय्य धोरण म्हणजे सर्वांस एकच माप लावणे नव्हे, हेही आपल्याच जुन्या ठाणे जिल्ह्याने शिकविले आहे. ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीस आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर जे काम केले, त्यात मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे, हे सूत्र होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी त्यांनी कुरणशाळा चालविली, लहानग्यांसाठी अंगणात शाळा भरविली. आज वीटभट्टीवर आई-बापांबरोबर आलेले कातकऱ्याचे मूल, यंत्रमागावर काम करणाऱ्याचे मूल आणि गोदामात हमाली करणाऱ्याचे मूल यांना हेच सूत्र लागू पडते.

आता अलीकडची घटना पाहू. २००९ च्या कायद्याप्रमाणे खाजगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या वर्गात पंचवीस टक्के जागा दुर्बल व वंचित घटकांतील मुलांसाठी ठेवावयाच्या असतात. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी महाराष्ट्र शासनाने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी अथवा अनुदानित शाळा असल्यास खाजगी शाळेस या बंधनातून सूट दिली. पालक व संघटना न्यायालयात गेल्या. ६ मे रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यास स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी तो बदल रद्द ठरविला. नियम मुकाट्याने मान्य केला असता तर तो राहिला असता. कोणी तरी कायदा वाचला, अर्ज केला, वेळ खर्च केला, म्हणून शेकडो अपरिचित मुलांच्या जागा वाचल्या.

खाजगी शाळेत मूल घालणाऱ्या पालकास दोष देण्याचा माझा उद्देश नाही. जेथे दोन वर्गांस एकच शिक्षक असतो, अथवा शिक्षकास वर्गाबाहेरील कामेच अधिक असतात, तेथून आई-बाप मूल काढून घेणारच. परंतु सुस्थितीतील पालक निघून गेला म्हणजे शाळेसाठी भांडणाराही निघून जातो. पट घटतो, घटलेला पट दाखवून शिक्षक कमी केले जातात, आणि शिक्षक कमी झाले म्हणून पट आणखी घटतो. या चक्रात शेवटी उरते ते ज्यास दुसरी वाट नाही असे मूल. शंभर वर्षांपूर्वी ते मूल आपले होते. आज ते दुसऱ्याचे आहे, म्हणून आपला हिशेब फिटला काय?

कायद्याने आपल्या हाती साधने दिली आहेत. प्राथमिक शाळेत साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असलेच पाहिजेत. महाराष्ट्रात पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि आठवीपर्यंतची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा दंडक आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सभासद पालक असावेत, एकंदर सभासदांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, आणि शाळेचा विकास आराखडा या समितीनेच करावयाचा असतो. आपल्या मंडळाने पारितोषिके वाटावीत, वह्या द्याव्यात, हे योग्यच आहे. परंतु त्याबरोबर गावोगावच्या शाळेत शिक्षक किती मंजूर, किती हजर, समिती भरते की नाही, आणि गोदामांच्या वस्तीतील किती मुलांची नावे पटावर नाहीत, याची एक साधी वही प्रत्येक गावी ठेवावी, आणि दरवर्षी ती ग्रामसभेपुढे व जिल्हा परिषदेपुढे वाचून दाखवावी. असे झाल्यास ती पारितोषिकांहून मोठी सेवा ठरेल.

आपल्या पणज्याने साऱ्याच्या रुपयावर एक आणा भरला तेव्हा त्याच्या गावात शाळा नव्हती. तरी त्याने तो भरला. त्या आण्याची पावती म्हणजे आपल्या गावची ही शाळा आहे. पावती फाटू देणे वारसास शोभत नाही.