शाळेचे पटांगण : सरकारचे, दात्याचे की गावाचे ?

नाना ऊर्फ जगन्नाथ शंकरशेट यांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी आपल्या मुरबाड येथे झाला, ही गोष्ट आपल्या भागातील प्रत्येक विद्यार्थ्यास ठाऊक असते. परंतु शाळा कोणाच्या पैशावर चालाव्यात, या प्रश्नाचे जे उत्तर नानांच्या पिढीने आचरणातून दिले, त्याचा विसर मात्र आपणांस पडत चालला आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

१८२७ मध्ये गव्हर्नर एल्फिन्स्टन स्वदेशी परतले, तेव्हा मुंबईच्या नागरिकांनी त्यांच्या स्मरणार्थ विद्यादानासाठी वर्गणी काढली व दोन लाखांहून अधिक रुपये जमविले. पुढे सरकारनेही हातभार लावला आणि त्यातून एल्फिन्स्टन कॉलेज उभे राहिले. १८४९ मध्ये मुंबईत मुलींच्या शाळा निघाल्या, तेव्हा नानांनी आपल्या वाड्यात जागा दिली. १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्याने हेच तत्त्व मान्य केले : लोकांनी काही उभे करावे, सरकारने अनुदानाची जोड द्यावी व तपासणीचा हक्क राखावा.

ही झाली शहरातील धनिकांची कथा. खेड्यातील शेतकऱ्याने काय दिले ? १८६० नंतरच्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी बसली व तिचा तिसरा हिस्सा शाळांकडे वळविण्यात आला. म्हणजे ज्या आमच्या आज्या-पणज्यांस अक्षरओळख नव्हती, त्यांच्याच भाताच्या पिकातून शाळेचा खर्च निघत होता. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा स्थापन झाल्या व प्राथमिक शाळांचा भार त्यांच्याकडे आला. गावाचा हात मात्र तेव्हापासून हळूहळू आखडत गेला, असे आम्हांस वाटते.

आता काळ पालटला आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने क्रीडांगण व कुंपण ही शाळेची आवश्यक अंगे ठरविली. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांस नफ्याचे दोन टक्के लोकोपयोगी कामांवर खर्च करावयास सांगितले. त्यामुळे दाते आपल्या तालुक्यांतही येऊ लागले. ही आनंदाची गोष्ट होय.

परंतु अनुभवाची एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आम्ही नोकरीस असलेल्या एका शाळेस एका दात्याने झोपाळे व घसरगुंडी दिली. समारंभ झाला, नावाची पाटी लागली. पटांगण सखल, चर कोणी खणला नाही. आपल्याकडील पाऊस कसा, हे सांगणे नलगे. दोन पावसाळ्यांत खांब गंजले. दुरुस्ती कोणी करावी ? दाता म्हणे शाळेने, शाळा म्हणे पंचायतीने, पंचायत म्हणे दात्याने ! एका मुलीच्या पायास गंजका पत्रा लागला, तेव्हा आम्हीच झोपाळे दोरीने बांधून ठेवले. या दोषात आमचाही वाटा होता. कारण देणगी घेताना देखभालीचा प्रश्न आम्हीही विचारला नव्हता.

याच्या उलट, शेजारच्या एका पाड्यावर भाताची झोडणी आटोपताच गावकऱ्यांनी आठ दिवस श्रमदान केले, मुरूम पसरला, चर काढला, कुंपण घातले. पैसा थोडा, पण ते पटांगण टिकले. अमेरिकेतील बॉस्टन नगरीतही १९९५ पासून २०१३ पर्यंत नगरपालिका व दानशूर संस्था यांनी मिळून ऐंशीहून अधिक शाळांची पटांगणे सुधारली. तेथेही शिक्षक, पालक व शेजारी यांस आराखड्यात सामील करून घेतले होते.

तात्पर्य, सरकार व दाता हे दोन बैल होत. कासरा धरणारा गावच हवा. शाळा व्यवस्थापन समितीत पालकांचे प्रमाण तीन चतुर्थांश असते, हा कासराच होय. ज्ञातिबांधवांस आमची विनंती एवढीच : पटांगणाची मोजणी करून त्याची नोंद शाळेच्या नावे आहे की नाही, हे पाहावे; देणगी घेताना देखभालीचा करार लिहून घ्यावा; आणि जमाखर्च ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. भगिनींनीही या समितीत नुसत्या सहीपुरते बसू नये.

नानांच्या जन्मभूमीत मुलांस खेळावयास सुरक्षित जागा नसावी, हे आपणांस शोभणारे नाही. इत्यलम्.