कांचपात्रांतील आडोसा

मासे पाळण्याची हौस कांचपात्राहून पुष्कळ जुनी आहे. चीनमध्यें सुंग राजवटींत सोनेरी मासे तळ्यांत राखीत. मिंग राजवटींत ते अंगणांतील कुंड्यांत आले, आणि १५९६ सालीं झांग छ्येन्दे यानें त्यांच्या जोपासनेवर एक छोटा ग्रंथही लिहिला. कुंडींतला मासा वरून पाहावयाचा असे. बाजूंनीं तो झांकलेलाच. विणीच्या वेळीं कुंडींत पाणवनस्पती सोडण्याची जी रीत पडली, तिच्या मुळाशीं साधा व्यवहार आहे. या माशाचीं अंडीं चिकट असून पानांना धरून राहतात, आणि अंडीं टाकून होतांच आईबापच तीं खाऊं लागतात. म्हणून अंड्यांसकट वनस्पती उचलून निराळ्या कुंडींत ठेवावयाची.

युरोपांत हाच मासा वाटोळ्या कांचपात्रांत गेला आणि त्याचा आडोसा सुटला. उजेड चोहोंकडून, पाहणारेही चोहोंकडून, आणि लपावयास एक पानही नाहीं!

१८५० च्या मार्चमध्यें लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं केमिकल सोसायटीपुढें आपल्या प्रयोगाची हकीकत सांगितली. सुमारें १२ गॅलनांच्या कांचपात्रांत त्यांनीं वाळू, चिखल, दोन लहान सोनेरी मासे आणि व्हॅलिस्नेरिया नांवाची पट्टीसारख्या पानांची पाणवनस्पती ठेवली होती. माशांना खालीं शिरतां यावें अशा बेतानें दगडही रचले होते. पुढें पानें सडून पाणी गढूळ झालें, तेव्हां त्यांनीं पांचसहा पाणगोगलगाई सोडल्या. त्यांनीं सडका पाला खाल्ला आणि पाणी निवळलें. मासा, वनस्पती व गोगलगाय यांचा हा मेळ लोकांना फार आवडला. दगडांची मात्र कोणीं फारशी आठवण ठेवली नाहीं. १८५३ मध्यें लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यगृह उघडलें, दुसऱ्याच वर्षीं फिलिप हेन्री गॉस यांचें ‘दि ॲक्वेरियम’ प्रसिद्ध झालें, आणि दिवाणखान्यांत कांचेचे हौद मांडण्याचें वेड पसरलें.

या वेडांत एक समजूत घट्ट रुजली: वनस्पती असली कीं माशांना प्राणवायूची ददात नाहीं. वास्तविक वनस्पती हें कार्य उजेडांतच करते, अंधारांत तीही माशाप्रमाणें प्राणवायू खर्चिते, हें यान इंगेनहाउस यांनीं १७७९ सालींच दाखविलें होतें. हौदांत दाटी झाली कीं पहांटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंडें वासतात, तें यामुळेंच. पाण्यांत हवा मिसळते ती मुख्यतः उघड्या पृष्ठभागांतून. विल्यम आल्फर्ड लॉइड यांनीं हें ओळखलें होतें; १८७१ सालीं उघडलेल्या क्रिस्टल पॅलेसच्या मत्स्यालयांत त्यांनीं पाणी खेळतें ठेविलें व सांठ्याचा मोठा हौद अंधारांत ठेविला.

तेव्हां वनस्पतीची खरी थोरवी हवेपेक्षां आडोशांतच अधिक आहे. बारीक पानांच्या जाळींत पिल्लें वांचतात. दांडग्या माशानें पिटाळलेला दुबळा मासा तींत दडतो. तरंगणाऱ्या पानांच्या सावलीनें अंगणांतली कुंडी उन्हांत कमी तापते आणि हिरवें शेवाळ आटोक्यांत राहतें. झुडपें दाट झालीं तर मासे दिसणार नाहींत, अशी हौशी माणसाला भीति वाटते. अनुभव उलटा आहे. जवळ लपण आहे अशी खात्री असलेला मासा मोकळ्या पाण्यांत अधिक निर्धास्त फिरतो. उघड्या हौदांतला कोपरा धरून बसतो.

सावली धरणाऱ्या वनस्पतींत जलपर्णी दिसावयास मोठी देखणी. तिच्या लोंबत्या मुळांत सोनेरी मासे अंडीं घालतात. दक्षिण अमेरिकेंतून ती शोभेसाठीं देशोदेशीं नेण्यांत आली. पण बंगालच्या नदीनाल्यांत ती इतकी माजली कीं तिच्या नायनाटासाठीं तेथें १९३६ सालीं खास कायदा करावा लागला.