पाच व्होल्टपासून एका व्होल्टपर्यंत

माहूर तालुक्यातील एका शाळेत उन्हाळी शिबिराच्या वेळी आम्ही मोडीत काढलेला एक जुना संगणक मुलांसमोर उघडला होता. मदरबोर्डच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत एक तक्ता छापलेला होता. नववीतील एका मुलीने तो वाचला आणि विचारले, "सर, घरात २३० व्होल्ट येतात. इथे मात्र २.८, २.९, ३.२, ३.३ असे आकडे आहेत. एवढ्याशा फरकासाठी वेगवेगळे आकडे कशाला?"

प्रश्न साधा होता, पण त्याच्या उत्तरात प्रोसेसरचा जवळजवळ पन्नास वर्षांचा इतिहास आहे.

आधी एक गैरसमज दूर करू. गावात वीज कमीजास्त होते तिचा या आकड्यांशी थेट संबंध नाही. पेटीतील वीजपुरवठा यंत्रणा २३० व्होल्टचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट करते. प्रोसेसरला त्याहूनही कमी व्होल्टेज लागले, तर ते काम मदरबोर्डवरील नियामक मंडल करते. तक्त्यातील आकडे या शेवटच्या टप्प्याचे होते.

१९७८ साली इंटेलचा ८०८६ हा प्रोसेसर आला, तेव्हा असा तक्ता लागतच नव्हता. १९६० च्या दशकापासून प्रचारात असलेल्या तर्कमंडलांच्या चिप ५ व्होल्टवर चालत. प्रोसेसरही ५ व्होल्टवरच चाले. सर्वांना एकच पुरवठा, त्यामुळे निवडायचे काहीच नव्हते.

मग ५ व्होल्ट सोडावे का लागले? उष्णतेमुळे. चिपमधील प्रत्येक ट्रान्झिस्टर चालू-बंद होताना विद्युतप्रभाराचे एक सूक्ष्म भांडे भरतो आणि रिकामे करतो. या भरण्या-सांडण्यात खर्च होणारी शक्ती धारिता × व्होल्टेजचा वर्ग × वारंवारता या प्रमाणात असते. वारंवारता दुप्पट केली तर उष्णता दुप्पट होते. व्होल्टेज दुप्पट केले तर चौपट. मग व्होल्टेज हवे तितके कमी का करू नये? कारण व्होल्टेज उतरले की ट्रान्झिस्टर मंदावतो आणि ठरलेल्या वेळेत काम न झाल्याने चुका होऊ लागतात. १९७४ मध्ये आयबीएममधील रॉबर्ट डेनार्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यातून वाट दाखवली होती. ट्रान्झिस्टर लहान करत जा आणि त्याच प्रमाणात व्होल्टेजही उतरवा, म्हणजे वेग वाढूनही तितक्याच जागेतील उष्णता वाढणार नाही.

या वाटेवरील एक ठळक मुक्काम म्हणजे पेंटियम. त्याच्या विकासाचे नेतृत्व करणाऱ्या विनोद धाम यांचा जन्म पुण्याचा. १९९३ मधील पहिला पेंटियम ५ व्होल्टवर चाले. ६६ मेगाहर्ट्झला तो जास्तीत जास्त १६ वॅट उष्णता देई. १९९४ मध्ये आलेला १०० मेगाहर्ट्झचा पेंटियम ३.३ व्होल्टचा होता. वर्गात गणित करून पाहा. ३.३ भागिले ५, त्याचा वर्ग ०.४४. वेग दीडपट, म्हणून ०.४४ × १.५ = ०.६६. सोळा वॅटचे सुमारे साडेदहा वॅट होतात. प्रत्यक्ष आकडा १० वॅटच्या आसपासच होता. वेग वाढला आणि उष्णता घटली!

१९९७ साली गोंधळ वाढला. जानेवारीत आलेल्या एमएमएक्स पेंटियमच्या गाभ्याला २.८ व्होल्ट हवे होते. एप्रिलमध्ये एएमडीचा के६ आला. धाम तोवर इंटेल सोडून याच प्रकल्पात आले होते. के६ ला २.९ व्होल्ट लागत, तर त्याच्याच २३३ मेगाहर्ट्झच्या नमुन्याला ३.२. हे सारे प्रोसेसर एकाच प्रकारच्या खाचेत बसत. कोणता बसवला आहे हे मदरबोर्डला कळत नसे. ते माणसाने जंपर, म्हणजे दोन पिना जोडणारी छोटी टोपी, योग्य जागी बसवून सांगायचे. मुलीने वाचलेला तक्ता त्यासाठीच होता.

जंपर चुकला तर काय होई? १६६ मेगाहर्ट्झचा एमएमएक्स जास्तीत जास्त १३ वॅट उष्णता देई. त्याला २.८ ऐवजी ३.३ व्होल्ट मिळाले, तर उष्णता १.३९ पट, म्हणजे १८ वॅट होते. उदाहरणादाखल असे धरू की पंख्यासह बसवलेल्या धातूच्या पट्ट्यांमुळे प्रत्येक वॅटमागे तापमान २ अंशांनी चढते. पेटीतील हवा २५ अंश असेल, तर चुकीच्या जंपरवरही प्रोसेसर ६१ अंशांवर राहतो. मराठवाड्यातील मे महिन्याची ४२ अंशांची हवा धरली, तर योग्य जंपरवर तो ६८ अंशांवर जातो आणि चुकीच्या जंपरवर ७८ वर. त्याची मर्यादा ७० अंशांची होती. थंड खोलीत खपून जाणारी चूक आपल्याकडे खपत नाही, ती अशी.

पुढे ही जबाबदारी माणसाकडून काढून घेण्यात आली. १९९५ च्या पेंटियम प्रो पासून प्रोसेसरच आपल्या काही पिनांच्या संकेताने हवे ते व्होल्टेज मदरबोर्डकडे मागू लागला. उरलेल्या निवडी जंपरवरून बायोसच्या पडद्यावर गेल्या. दरम्यान व्होल्टेज उतरत उतरत एका व्होल्टजवळ आले आणि तिथे अडले. आणखी उतरवावे, तर बंद असलेल्या ट्रान्झिस्टरमधूनही धारा झिरपू लागते. डेनार्ड यांची वाट तिथे संपली. २००४ मध्ये पेंटियम ४ ची उष्णता शंभर वॅटच्या पुढे गेली आणि इंटेलने त्याचा ४ गिगाहर्ट्झचा नमुना काढण्याचा बेत सोडला. २००५ पासून एका चिपमध्ये दोन गाभे येऊ लागले.

पण यंत्राने स्वतः मागितलेले व्होल्टेज तरी बरोबर असते का? २०२४ मध्ये या प्रश्नाचे उत्तर मिळाले. इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतील काही प्रोसेसर अडखळू लागले. काही मदरबोर्डांच्या मूळ सेटिंगमध्ये शक्तीच्या मर्यादा सैल ठेवलेल्या होत्या, आणि प्रोसेसरच्या आतील सूक्ष्मसंकेत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. इंटेलने सूक्ष्मसंकेत सुधारला, शिफारस केलेली सेटिंग वापरण्यास सांगितले आणि हमीची मुदत दोन वर्षांनी वाढवली. मात्र ज्या चिपची झीज होऊन गेली होती, ती या सुधारणेने भरून येणार नव्हती. जंपर गेला, तरी जंपरची चूक गेली नाही. ती आत सरकली.

आपल्या अनेक शाळांमध्ये संगणक पत्र्याखालच्या खोलीत असतात आणि धूळही भरपूर. म्हणून एक उपक्रम सुचवतो. बऱ्याच संगणकांच्या बायोसमध्ये प्रोसेसरचे तापमान आणि व्होल्टेज दाखवणारे पान असते. जानेवारीत आणि मे महिन्यात, सकाळी दहा आणि दुपारी तीन वाजता, मुलांना ते आकडे आणि खोलीचे तापमान वहीत लिहू द्या. तेथील सेटिंग मात्र बदलू नये. मग संगणक बंद करून, तार काढून, पट्ट्यांवरील धूळ मऊ ब्रशने झाडा आणि आकडे पुन्हा घ्या. वीजपुरवठ्याची पेटी उघडू नये. आलेख काढल्यावर मुलांना दिसेल की खोलीचे तापमान जितके चढते, जवळपास तितकेच प्रोसेसरचेही चढते. पत्र्याखाली संगणक ठेवायचा की नाही, हे मग त्यांना वेगळे सांगावे लागणार नाही.