बेदाणा, कुरकुम आणि दाभोळची वाट

फेब्रुवारी उजाडला की आमच्या वर्गातली हजेरी घटते. आम्ही उर्दू माध्यमाच्या शाळेत शिकवतो. द्राक्षांचा हंगाम सुरू होतो, मुलांच्या आया बेदाणा निवडायला शेडवर जातात आणि धाकट्या भावंडांना सांभाळायला मोठ्या मुली घरी राहतात. वडील कुणाचे हमाल, कुणाचे ट्रकवर, कुणाचे फळांच्या गाड्यावर. अशाच एका फेब्रुवारीत आम्ही फळ्यावर ‘बे’ हा उपसर्ग शिकवत होतो. बेघर, बेखबर, बेहिशेब. मागच्या बाकावरून एक मुलगा म्हणाला, “सर, बेदाना पण? बिनदाण्याचा?” आम्ही शाबासकी दिली. बेदाणा हा शब्द फारसी आहे, ज्यात दाणा म्हणजे बी नाही तो बेदाणा. त्यावर त्याने विचारले, “मग आपला बेदाणा जातो कुठे? खातं कोण?”

त्याची आई रोज शेकडो किलो बेदाणा हाताखालून घालते. पण तो कोण खातो हे तिला ठाऊक नाही, तिच्या मुलाला नाही आणि खरे सांगायचे तर त्या दिवशी आम्हालाही नीट ठाऊक नव्हते. त्या प्रश्नाच्या मागे लागून आम्ही जे वाचले आणि विचारले, ते येथे मांडत आहोत.

सातारा आणि सांगली आज दोन जिल्हे आहेत. पण तासगाव, वाळवा, खानापूर, शिराळा हे तालुके पूर्वी सातारा जिल्ह्यातच होते. सांगली, मिरज आणि जत ही संस्थाने होती. ती विलीन झाल्यावर १९४९ साली ‘दक्षिण सातारा’ हा जिल्हा निर्माण झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. कृष्णा दोन्हीकडून वाहते. म्हणून या मुलखातल्या मालाची कथाही एकच आहे.

रेल्वे नव्हती तेव्हा हा माल समुद्राकडे कसा जात असे? कराडहून पश्चिमेला निघालेली वाट कुंभार्ली घाटातून चिपळूणला उतरते आणि तिथून वाशिष्ठीच्या खाडीने दाभोळला पोचते. बहामनी आणि पुढे आदिलशाही काळात दाभोळ हे दख्खनचे मोठे बंदर होते. पंधराव्या शतकात हिंदुस्थान पाहून परत निघालेला रशियन व्यापारी अफानासी निकितिन याच बंदरातून होर्मुझकडे जाण्यासाठी जहाजात बसला. सोळाव्या शतकाच्या आरंभी पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझा याने दाभोळला मक्का, एडन आणि होर्मुझची जहाजे येतात असे नोंदवले. अरबी घोडे येथे उतरत. हजचे यात्रेकरू येथून निघत.

मग १५०८ च्या डिसेंबरात पोर्तुगीज विसरॉय फ्रान्सिस्को द आल्मेदा याने दाभोळ जाळले. बंदर पुन्हा उभे राहिले, पण समुद्र पूर्वीसारखा मोकळा राहिला नाही. जहाज हाकायचे तर ‘कार्ताझ’ नावाचा पोर्तुगीज परवाना घ्यावा लागे. आदिलशाही जहाजांचीही यातून सुटका नव्हती. पुढे मुंबई वाढली, १८९० च्या सुमारास पुणे-मिरज लोहमार्ग तयार झाला आणि घाटमाथ्याच्या मालाने आपले तोंड पुरते मुंबईकडे वळवले. दाभोळची वाट मागे पडली. दरवाजा एकच असेल आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती असेल, तर घरातल्या मालाची किंमतही तोच ठरवतो, हा इतिहासाचा पहिला धडा आम्हाला येथे दिसतो.

दुसरा धडा हळदीचा. हळद नऊ महिने शेतात राहते. काढल्यावर ती शिजवायची, वाळवायची, घासून चकचकीत करायची. शंभर किलो ओल्या हळदीची वीस-पंचवीस किलो सुकी हळकुंडे होतात. एवढ्या कष्टाचा माल भाव पडलेला असताना विकायचा कसा? याचे उत्तर सांगलीजवळच्या हरिपूरने शोधले होते. कृष्णा आणि वारणा यांच्या संगमावरच्या या गावात जमिनीत खोल पेवे खणलेली होती. तोंड अरुंद, पोट मोठे. त्यात हळद भरून तोंड बंद केले की ती वर्षानुवर्षे किडीशिवाय राहत असे. पेव उघडल्यावर आतली कोंदलेली हवा जाईपर्यंत कुणी खाली उतरत नसे, कारण आत जीव गुदमरतो. पेव म्हणजे केवळ कोठार नव्हे. थांबण्याची ताकद म्हणजे पेव. ज्याला थांबता येते त्याला गिऱ्हाईक निवडता येते. हरिपूरच्या पेवांमुळे सांगलीची हळदपेठ देशभर नावाजली. २००५ च्या महापुरात यांतली बरीच पेवे पाण्याखाली गेली, माल कुजला आणि पेवांचे दिवस जवळजवळ संपले. त्यांची जागा गोदामांनी आणि शीतगृहांनी घेतली. पण गोदामाला भाडे द्यावे लागते. लहान शेतकऱ्याची थांबण्याची ताकद तेवढी कमी झाली.

हळदीला अरबीत कुरकुम म्हणतात. युरोपीय वनस्पतिशास्त्राने हळदीला दिलेले ‘कुर्कुमा’ हे नाव त्याच शब्दावरून आले. माल येथून गेला आणि नाव अरबांच्या तोंडून जगभर पसरले. ज्याच्या जिभेवर मालाचे नाव, त्याच्या हाती व्यापार, असे जुन्या काळाबद्दल म्हणता येईल.

द्राक्षाची गोष्ट उलटी आहे. तासगावात लावले जाणारे थॉमसन सीडलेस हे नाव कॅलिफोर्नियातल्या एका बागाईतदाराचे. पण ती वेल मूळची इराण-तुर्कस्तानच्या बाजूची. तिकडे तिला किशमिश किंवा सुलतानिना म्हणत. तासगावच्या शेतकऱ्यांनी त्याच थॉमसनमधून निवड करून ‘तास-ए-गणेश’ ही जात पुढे आणली. आमच्या उर्दूच्या कानाला त्या नावातला ‘ए’ इजाफतीसारखा वाटतो आणि आम्ही गालात हसतो. म्हणजे किशमिश अमेरिकेला वळसा घालून कृष्णाकाठी आली, येथे गणेशाचे नाव घेतले आणि आज बेदाणा होऊन पुन्हा आखाती देशांच्या दुकानात जाते. एक किलो बेदाण्याला चार किलोच्या आसपास द्राक्षे लागतात. तासगाव, कवठे महांकाळ, जत या कोरड्या हवेच्या भागात शेडमधल्या जाळ्यांवर ती सुकतात.

ताजी द्राक्षे परदेशी पाठवण्यासाठी १९९१ साली महाराष्ट्रातल्या द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ स्थापन केली. पूर्वशीतकरण, पॅकिंग, तिकडच्या गिऱ्हाइकाला हवा तसा मण्याचा आकार हे सारे त्यांना ठेचा खात शिकावे लागले. युरोप हा मोठा दरवाजा उघडला. आणि २०१० मध्ये तो धाडकन लागला. क्लोरमेक्वाट क्लोराइड या वाढनियंत्रकाचा अंश मर्यादेपेक्षा जास्त आढळला म्हणून युरोपात कंटेनर अडकले. निर्यातीपूर्वी येथे ज्या रसायनांची तपासणी होत असे, त्या यादीत ते नव्हतेच. शेतकऱ्याने चोरी केली नव्हती. त्याला कायदा माहीत नव्हता, आणि तो सांगणारेही गाफील होते.

आमचे एक मामू फळांची अडत करतात. त्या वर्षी युरोपसाठी राखलेला माल अचानक गावच्या बाजारात येऊन पडला आणि भाव कोसळला. मामू संध्याकाळी ओट्यावर बसून म्हणाले, “बेटा, खानेवाला कौन है ये मालूम नै, तो ब्योपार अंधा.” मामूंची शाळा चौथीपर्यंतची. पण निर्यातीच्या मोठमोठ्या व्याख्यानांचे सार आम्हाला त्या वाक्यात मिळाले.

नवी बाजारपेठ शोधायची म्हणजे नेमके काय करायचे? नकाशावर श्रीमंत देशांवर बोट ठेवायचे, हा सोपा मार्ग. इतिहास वेगळे प्रश्न विचारायला सांगतो. तिथे खाणारा कोण आहे? तो केव्हा खातो? त्याचा कायदा काय? माल पोचायची वाट कोणती आणि दुसरी वाट आहे का?

पहिला प्रश्न घ्या. मोरोक्को हा भारतीय हळदीचा मोठा ग्राहक आहे. का? तिथे रमजानमध्ये रोजा सोडताना ‘हरीरा’ नावाचे दाट सूप घरोघर होते आणि मोरोक्कन मसाल्यांत हळद लागते. तिथल्या चुलीची माहिती असल्याशिवाय हे कळत नाही.

दुसरा प्रश्न वेळेचा. रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकतो. २०२४ मध्ये तो मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात होता, २०२५ मध्ये मार्चच्या आरंभी, २०२६ मध्ये फेब्रुवारीच्या उत्तरार्धात. म्हणजे ही वर्षे आपल्या ताज्या द्राक्षांच्या ऐन हंगामातली. पण बेदाणा याच सुमारास तयार होत असतो, तेव्हा रमजानच्या मागणीसाठी आदल्या वर्षीचा साठा हाती हवा. आणि २०३० या एकाच वर्षात रमजान दोनदा लागेल, जानेवारीत आणि पुन्हा डिसेंबरच्या अखेरीस. हा हिशेब आमच्या मोहल्ल्यातली म्हातारी दादीही बोटावर करते. सूरह कुरैशमध्ये कुरैशांच्या हिवाळ्यातल्या आणि उन्हाळ्यातल्या प्रवासाचा उल्लेख आहे. हिवाळ्यात येमेन, उन्हाळ्यात शाम. ऋतू पाहून बाजार निवडणे हे आम्हाला परके नाही.

तिसरा प्रश्न कायद्याचा, आणि त्याहून मोठा इमानाचा. शेजारच्या बांगलादेशात हळद पिवळीधमक दिसावी म्हणून तिला शिशाचा विषारी रंग लावला जात असे. २०१९ मध्ये संशोधकांनी ते उघड केले आणि तिथल्या सरकारने कडक कारवाई केली. असा डाग एकदा लागला की प्रामाणिक व्यापाऱ्याकडेही संशयाने पाहिले जाते. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ मध्ये आणि हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. साताऱ्याकडे महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीला २०१० मध्ये आणि कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला २०१६ मध्ये ते मिळाले. मानांकन हा शिक्का आहे. शिक्क्यामागचा माल खरा ठेवणे आपल्या हाती. मापात पाप करणाऱ्यांना बजावणारी एक सबंध सूरह कुरआनात आहे, हे आम्ही वर्गात सांगतो. ते बाजारातही सांगायला हवे.

चौथा प्रश्न वाटेचा. २०२३ च्या अखेरीस लाल समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि २०२४ च्या हंगामात युरोपला जाणारी द्राक्षे आफ्रिकेला वळसा घालून न्यावी लागली. वाट लांबली, भाडे वाढले, नाशवंत माल जहाजात अधिक दिवस राहिला. दाभोळची जहाजे ज्या समुद्राकडे जात होती, तोच हा समुद्र. पाचशे वर्षांनंतरही एकाच वाटेवर विसंबणाऱ्याची गत तीच.

आता आमच्या समाजाविषयी थोडे. बागवान, तांबोळी, अत्तार ही आमच्यातली आडनावेच व्यापाराची आहेत. फळे, पाने, सुगंध हातोहात विकत आमच्या पिढ्या गेल्या. तरी आज निर्यातीच्या साखळीत आम्ही बहुतेक ठिकाणी पहिल्या टोकाला आहोत, निवडणारे, उचलणारे, गाडी हाकणारे. जिथे करार होतो त्या टेबलावर आमची माणसे विरळा. याचा दोष सगळा इतरांवर टाकून मोकळे होता येणार नाही. आमची मुले अरबी अक्षरे ओळखतात, पण अरबीत साधे पत्र लिहायला आम्ही त्यांना शिकवत नाही. ‘इनब’ म्हणजे द्राक्ष हा शब्द ती तिलावतीत उच्चारतात, आणि खोक्यावर तोच शब्द छापलेला दिसला तर ओळखत नाहीत. मराठी त्यांना शेतकऱ्याशी जोडते, उर्दू आणि अरबी गिऱ्हाइकाशी जोडू शकते. त्याला इंग्रजीची, हिशेबाची आणि अन्नतपासणीच्या ज्ञानाची जोड द्यायला हवी. दोन काठांच्या मध्ये उभे राहता येणे ही दुबळेपणाची खूण नाही, ती पुलाची जागा आहे.

त्या मुलाला आम्ही दुसऱ्या दिवशी नकाशा दाखवला. तासगावपासून मुंबईच्या बंदरापर्यंत, तिथून दुबई, कासाब्लांका, कोलंबो अशी बोटाने रेघ ओढली. त्याने ती वहीत उतरवून घेतली आणि घरी जाऊन आईला दाखवली. पुढच्या आठवड्यात तो म्हणाला, “सर, अम्मी विचारते, त्या लोकांना हिरवा आवडतो की पिवळा?”

बाजाराचा शोध याच प्रश्नापासून सुरू होतो. शेडवर बसलेल्या एका बाईने तो विचारला आहे. तिला उत्तर देता येईल एवढे शिक्षण तिच्या मुलांना देणे, हे आमचे काम.