फुल बॉडीचे किती?

पुण्याहून साताऱ्याकडे निघालं, की नीरा ओलांडल्यावर शिरवळ लागतं. हे पूर्वापार वाटेवरचं गाव. जुनी दगडी पाणपोई, सुभानमंगळचा भुईकोट, आणि आता एम.आय.डी.सी. व सहापदरी रस्ता. वाटेवरच्या गावात प्रवाशांच्या गरजा भागवणारी माणसं असायचीच. पूर्वी नालबंद असतील, सुतार-लोहार असतील. आता हायवेच्या कडेला पत्र्याच्या शेडवर 'डेंटिंग-पेंटिंग'ची पाटी दिसते.

जुनी गाडी घेऊन अशा शेडमध्ये शिरणारा प्रत्येक जण एकच प्रश्न विचारतो, "फुल बॉडीचे किती?" उत्तरं इतकी वेगवेगळी मिळतात, की माणूस चक्रावतो. एक जण सांगतो त्याच्या तिप्पट दुसरा सांगतो. गाडी तीच, रंगही तोच. मग फरक कशाचा? मला वाटतं, या प्रश्नाचं उत्तर शंभर वर्षांच्या इतिहासात दडलंय. तो थोडक्यात सांगतो.

मोटारी आल्या तेव्हा त्यांना रंग लावायची रीत घोडागाडीकडून उचललेली होती. जवसाच्या तेलातला रंग आणि वर व्हार्निश, तेही ब्रशने. एक थर वाळला की घासायचा आणि दुसरा द्यायचा. चांगल्या गाडीचं हे काम महिनाभरसुद्धा चाले. कारखान्यात बाकी गाडी तासांत जुळायची आणि रंगासाठी आठवडे अडून बसायची. फोर्डची 'मॉडेल टी' १९१४ ते १९२५ या काळात फक्त काळ्या रंगात मिळायची, हे आपण ऐकलेलं असतं. त्यामागे कुणाची आवडनिवड नव्हती. झटपट उत्पादनात एकच, स्वस्त, टिकाऊ रंग परवडत होता, इतकंच.

ही कोंडी फोडली ती चक्क स्फोटकांनी. १८४६ साली शोनबाइन या रसायनशास्त्रज्ञाने कापसावर नायट्रिक आणि सल्फ्युरिक आम्लाची प्रक्रिया करून 'गनकॉटन' म्हणजे नायट्रोसेल्युलोज बनवलं. पहिल्या महायुद्धात बंदुकीच्या दारूसाठी त्याचे प्रचंड कारखाने उभे राहिले. युद्ध संपल्यावर त्या कारखान्यांना काम हवं होतं. अमेरिकेतल्या ड्युपाँट कंपनीने हेच नायट्रोसेल्युलोज विरघळवून त्याचा रंग केला आणि नाव दिलं 'ड्युको'. १९२३ साली जनरल मोटर्सच्या ओकलंड गाड्या १९२४ च्या मॉडेलसाठी या निळ्या रंगात बाहेर पडल्या. आठवड्यांचं काम तासांवर आलं!

त्याच जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला गाड्या जुळवायला सुरुवात केली. पुढे आय.सी.आय. या ब्रिटिश कंपनीच्या डब्यांवरही ड्युको हे नाव आपल्याकडे पोचलं. आणि मग डालडा किंवा झेरॉक्सचं झालं तेच याचंही झालं. कंपनीचं नाव हेच कामाचं नाव होऊन बसलं. आजही सुतार कपाटाच्या दाराला 'ड्युको' करू का विचारतो. तो शंभर वर्षांपूर्वीच्या एका अमेरिकन डब्याचं नाव घेतोय, हे त्याच्या गावीही नसतं.

पण या रंगाचा खरा चमत्कार कारखान्याबाहेर घडला. हा रंग हवेवरच वाळतो, त्याला भट्टी लागत नाही. काही मिनिटांत पृष्ठभाग कोरडा होतो, त्यामुळे धूळ बसायला फार वेळच मिळत नाही. कुठे बिघडलंच तर घासून पुन्हा मारता येतो, कारण नवा थर जुन्या थराला थोडा विरघळवून त्याच्याशी एकजीव होतो. म्हणजे एक छोटा काँप्रेसर, एक गन, थोडं थिनर आणि झाडाची सावली एवढं असलं तरी काम सुरू! मोठ्या कारखान्याची घाई भागवायला निघालेल्या शोधाने रस्त्याकडेच्या पेंटरला जन्माचा धंदा दिला.

याला जोड मिळाली ती आपल्या टंचाईची. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. शिरवळजवळून वाहणाऱ्या याच नीरेच्या काठी, खाली इंदापूर तालुक्यात, त्यांचं वालचंदनगर आहे. कुर्ल्याच्या कारखान्यातून १९४७ मध्ये क्रायस्लरच्या परवान्यावरच्या गाड्या बाहेर पडल्या, मग फियाट ११०० आली, आणि १९७० च्या दशकात तिचंच 'प्रीमियर पद्मिनी' झालं. १९५३ मध्ये सरकारने ठरवलं, की इथे सुटे भाग बनवायचा कार्यक्रम असेल त्यांनीच राहावं. जनरल मोटर्स आणि फोर्ड निघून गेल्या. मागे दोन-तीन कंपन्या राहिल्या. १९८० च्या आसपास देशात वर्षाला साधारण ३० हजार मोटारी बनत होत्या. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट बघायची, आणि वापरलेली गाडी कधीकधी नव्यापेक्षा महाग जायची.

अशा काळात गाडी 'जुनी' होत नसे, ती घरातली होत असे. वडिलांची मुलाकडे यायची, वीस-पंचवीस वर्षं चालायची आणि त्यात तीन-चार वेळा रंगायची. दसऱ्याच्या आधी, घरात लग्न निघालं की, किंवा पासिंगची तारीख आली की. नवी मिळणार नाही म्हणून जुनीलाच नवी करायची. फुल बॉडी पेंट ही चैन नव्हती, तो संसाराचाच एक खर्च होता.

१४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली आणि हे चक्र हळूहळू उलटं फिरू लागलं. १९९१ नंतर कंपन्या वाढल्या, पाठोपाठ हप्त्यावर गाडी मिळू लागली. रंगही बदलले. आता कारखान्यात अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवतात आणि विजेच्या प्रवाहाने तो प्रायमर पत्र्याच्या कोनाकोपऱ्यात बसवतात. मग सुमारे १६०-१८० अंशांच्या भट्टीत भाजतात. त्यावर सरफेसर, मग रंग, मग काचेसारखा पारदर्शक क्लिअर कोट. हे सगळे थर मिळून जाडी किती? साधारण १०० मायक्रॉन, म्हणजे एक दशांश मिलिमीटर!

हे काम कुठल्याही गॅरेजला जसंच्या तसं जमणार नाही. वायरिंग, रबर, सीट असलेली गाडी १६० अंशांत घालता येत नाही. म्हणून गॅरेजसाठी दुसरं रसायन आलं, 'टू-पॅक' किंवा पी.यू. यात रंगात हार्डनर मिसळायचा, आणि भट्टीऐवजी रासायनिक क्रियेनेच रंग कडक होतो. याचं मूळ १९३७ साली जर्मनीत ओटो बायरने शोधलेल्या पॉलियुरेथेनमध्ये आहे. चकाकी उत्तम, उन्हापावसात टिकतो, पेट्रोल सांडलं तरी उतरत नाही. ड्युको यात मागे पडला. त्याला वरचेवर पॉलिश लागतं, उन्हाने फिका पडतो, आणि पावसाळी हवेत मारला तर पांढरट पडतो. थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतलं बाष्प त्यावर धरतं, म्हणून. जुने पेंटर आषाढ-श्रावणात काम टाळायचे त्यामागे हे शास्त्र होतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. किती?

लहान गाडीच्या बाहेरच्या बॉडीला वरचा रंग दोन-तीन लिटर पुरतो. म्हणजे बिलात रंगाची किंमत लहानच असते. मोठी किंमत असते दिवसांची. पोचे काढायचे, गंज घासून चकचकीत पत्रा दिसेपर्यंत जायचं, प्रायमर, पुट्टी, ८० नंबरच्या पेपरपासून चढत चढत पाण्याने ६००-८०० पर्यंत घासायचं, मग सरफेसर आणि पुन्हा घासणं. गन हातात येते ती शेवटच्या दिवशी. गंमत अशी, की गिऱ्हाइकाला दिसतो तो फक्त हा शेवटचा दिवस. म्हणून स्वस्तातलं काम म्हणजे बहुतेक वेळा आधीचे दिवस खाल्लेलं काम. पुट्टीखाली गंज तसाच ठेवला तर पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात तो फोड होऊन वर येतो. १०० मायक्रॉनच्या खाली काय आहे यावरच सगळं ठरतं.

मग कमी पैशांत करूच नये का? करावं की, पण काटकसर कुठे करायची ते कळलं पाहिजे. बंपर, दिवे, बीडिंग, हँडल, मागची अक्षरं घरीच काढून न्यावीत. त्याने मजुरी वाचते आणि टेपच्या कडेने राहणारी रंगाची रेघही टळते. रंग आहे तोच ठेवावा. दारांच्या आतल्या कडा आणि बॉनेटखालचा भाग रंगवावा लागत नाही, आणि आर.सी.वरची नोंद बदलायला आर.टी.ओ.ला जावं लागत नाही. मेटॅलिकऐवजी साधा सॉलिड रंग असेल तर काम स्वस्त पडतं आणि पुढे टच-अपही जुळतो. आधीचा रंग कोणता ते मात्र तपासावं. झाकलेल्या कोपऱ्यात थिनरचा बोळा फिरवला आणि रंग बोळ्याला आला, तर तो बहुधा ड्युको. सिंथेटिक इनॅमलवर ड्युको मारला तर त्यातलं थिनर खालचा थर उचलतं आणि सगळं सुरकुततं. गंज, प्रायमर आणि घासकाम या तीन गोष्टींत मात्र एक रुपयाही वाचवू नये.

एक खर्च असा आहे, की तो कुणाच्याच बिलात नसतो. टू-पॅकच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं. १९८४ च्या भोपाळमुळे हा शब्द आपल्याला कळला. रंगातलं आयसोसायनेट त्याच कुळातलं, जात वेगळी आणि धोक्याची तऱ्हाही वेगळी. भोपाळसारखं ते एका रात्रीत माणूस मारत नाही, पण गनमधून उडणारा त्याचा तुषार श्वासात गेला तर दमा जडतो. स्प्रे पेंटरांच्या व्यावसायिक दम्याचं ते जगभर माहीत असलेलं कारण आहे. एकदा शरीराने त्याचा धसका घेतला, की पुढे अगदी थोड्या वासानेही त्रास होतो आणि धंदाच सोडावा लागतो. यासाठी वेगळी बंदिस्त खोली आणि नळीने स्वच्छ हवा पुरवणारा मास्क लागतो. आपल्या शेडमध्ये काय असतं? नाकातोंडाला बांधलेला रुमाल. त्याने धूळ थोडी अडते, वाफ अडत नाही.

याच खंडाळा तालुक्यात (लोणावळ्याचा नव्हे, आपल्या साताऱ्याचा खंडाळा) २०१३ साली एशियन पेंट्सचा मोठा कारखाना सुरू झाला. सुरुवातीची क्षमताच वर्षाला ३ लाख किलोलीटर. तिथे बनतात ते घरांचे रंग. पण अशा कारखान्यात सुरक्षिततेची तपासणी असते, नोंदी असतात. रस्त्याकडेच्या दोन-चार माणसांच्या शेडपर्यंत तपासणी सहसा पोचत नाही. आपण घासाघीस करून जे पैसे कमी करतो, ते त्या गॅरेजवाल्याने कुठून आणायचे? पत्र्याच्या घासणीतून किंवा पोराच्या फुप्फुसातून, तिसरी जागा फारशी नाही.

म्हणून जुन्या गाडीला जुना रंग, असं मला वाटतं. मूळ ड्युकोतली फियाट किंवा पद्मिनी असेल तर तिला पुन्हा ड्युकोच द्यावा. थिनरची वाफ त्यातही वाईटच, उघड्यावर वाऱ्याच्या अंगाने काम केलं पाहिजे आणि कार्ट्रिजचा मास्क हवाच. पण आयसोसायनेटचं विष त्यात नाही. चकाकी दोन वर्षं कमी टिकेल. दर दिवाळीला पॉलिश करावं लागेल, करू! आणि टू-पॅकच हवा असेल तर बंदिस्त बूथ असलेल्या ठिकाणी जाऊन त्याचे पैसे मोजावेत.

१ एप्रिल २०२२ पासून १५ वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाचं शुल्क ६०० वरून ५,००० रुपये झालं, वर हरित कर आहेच. ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनीची काळीपिवळी रस्त्यावर धावायची थांबली. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला नोंदलेली होती आणि तिची वीस वर्षांची मुदत भरली. जुनी गाडी रंगवणं आता गरजेचं राहिलं नाही, ती आपली हौस झाली आहे. टंचाईच्या काळात वडीलमंडळींनी पैशाला पैसा जोडून गाडी रंगवली, तेव्हा त्यांच्यापुढे दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढे आहे. आणि हौसेची किंमत हौस करणाऱ्यानेच द्यायची असते.

तेव्हा मंडळी, पुढच्या वेळी शेडमध्ये शिरलात की "फुल बॉडीचे किती?" हे जरूर विचारा. पण त्याच्या आधी दोन प्रश्न विचारा. घासायला किती दिवस धरलेत, आणि रंग मारणाऱ्याच्या तोंडावर काय असणार? उत्तर ऐकून मग भाव करा.