जुन्या भोंग्याचा मूळ स्वर

३ सप्टेंबर १९३९ रोजीं सकाळीं सव्वा अकरा वाजतां ब्रिटनचे पंतप्रधान चेंबरलेन ह्यांनीं जर्मनीशीं युद्ध सुरू झाल्याचें नभोवाणीवरून जाहीर केलें. त्यानंतर थोड्याच वेळांत लंडनमध्यें धोक्याचे भोंगे वाजूं लागले. ती सूचना खोटी ठरली. परंतु तो चढत-उतरत जाणारा आक्रोश पुढें युद्ध संपेपर्यंत ब्रिटिश जनतेच्या कानांवर आदळत राहिला. त्या भोंग्यांपैकीं जे थोडे आज उरले आहेत, ते पाहतांना इतिहासकारापुढें एक विलक्षण प्रश्न उभा राहतो. हें यंत्र त्या काळीं नेमक्या कोणत्या स्वरांत बोलत होतें?

ह्याचें अर्धें उत्तर यंत्राच्या पोटांतच असतें. १८१९ सालीं काग्न्यार द ला तूर ह्या फ्रेंच संशोधकानें छिद्रें पाडलेली तबकडी फिरवून हवेचा झोत क्षणोक्षणीं तोडला व त्यांतून स्वर उत्पन्न केला. तें यंत्र पाण्याखालींहि गात असे, म्हणून त्यास त्यानें ग्रीक पुराणांतील सागरगायिकांचें ‘सायरन’ हें नांव दिलें. युद्धकालीन भोंग्याचें तत्त्व हेंच. मोटरीनें फिरणारा पंखा हवा आंत ओढून कडेच्या छिद्रांतून बाहेर फेंकतो आणि भोंवतालच्या स्थिर कड्याचीं छिद्रें क्षणांत उघडतात, क्षणांत मिटतात. सेकंदांतील फेऱ्यांना छिद्रांच्या संख्येनें गुणलें कीं स्वराची कंपनसंख्या मिळते.

ब्रिटिश द्विस्वरी भोंग्यांत सामान्यतः असे दोन पंखे असत. एकास दहा छिद्रें, दुसऱ्यास बारा. हें पांचास सहा असें प्रमाण संगीत जाणणाऱ्यास ओळखीचें आहे. तें षड्ज आणि कोमल गांधार ह्यांचें. त्या आक्रोशांतील उदास छटेचें मूळ ह्या जोडींत आहे.

छिद्रें धातूंतच घडविलेलीं असल्यामुळें तीं बदलत नाहींत. मोटर मात्र जळते व बदलली जाते. त्या काळीं ब्रिटनमधील सर्व गांवांना एकाच प्रकारची वीज नव्हती. म्हणून मोटरीवरील लहानशा पाटीस पुराव्याचें मोल येतें. सेकंदास ५० आवर्तनांच्या विजेवर दोन ध्रुवांची मोटर मिनिटास सुमारें २,८५० फेरे घेते. त्या वेगानें दहा छिद्रांचा स्वर ४७५ कंपनांचा व बारा छिद्रांचा ५७० कंपनांचा होतो. तोच भोंगा अमेरिकेंतील ६० आवर्तनांच्या विजेवर चालविला, तर दोन्ही स्वर पुन्हां पांचास सहा ह्याच प्रमाणांत चढतात आणि खालचा स्वर नेमका वरच्याच्या जागीं जाऊन बसतो. जोडीचें नातें अबाधित राहिल्यामुळें ऐकणाऱ्यास शंकाहि येत नाहीं. पण तो १९३९ चा आवाज नव्हे. जुनें ध्वनिमुद्रणहि येथें निर्णायक नसतें, कारण तबकडी वेगानें फिरली तरी दोन्ही स्वर सारखेच चढतात.

दुसरा चकवा झडपांचा. महायुद्धांत भोंग्याचे मुख्य इशारे दोन होते. चढउतार म्हणजे विमानें येत आहेत आणि अखंड एकसुरी नाद म्हणजे धोका टळला. चढउतारासाठीं मोटरीची वीज आळीपाळीनें तोडणें व जोडणें पुरे होई. पुढें शीतयुद्धांत अणुधुळीच्या इशाऱ्यासाठीं तुटक नाद ठरला. जड पंखा एकाएकीं थांबत नाहीं, म्हणून नाद तोडण्यास झडपा हव्या होत्या. अशा झडपा मूळच्या कीं मागाहून बसविलेल्या, हें जोडकामावरून आणि रंगाच्या थरांवरून ताडावें लागतें. दुरुस्तीच्या उत्साहांत तो रंग खरवडून टाकला तर साक्षच नाहींशी होते.

धातूवरून स्वर कळतो, अर्थ कळत नाहीं. ‘लपा’ आणि ‘बाहेर या’ हीं दोन्ही वाक्यें एकाच यंत्रानें उच्चारलीं. त्यांतील भेद विजेच्या खटक्यांत आणि सरकारी आज्ञापत्रांत होता. म्हणून भोंग्याबरोबर त्याची नियंत्रणपेटी व कागदपत्रेंहि जपलीं पाहिजेत. ज्यांनीं तो आवाज तळघरांत बसून ऐकला, तीं माणसें आतां थोडीं उरलीं आहेत. चुकीच्या वेगानें वाजणाऱ्या भोंग्यास ‘हा तो नव्हे’ असें सांगणारें कोणी उरणार नाहीं, तेव्हां छिद्रांची मोजदाद आणि मोटरीवरची पाटी ह्यांवरच विसंबावें लागेल.